टेकडीवर श्रमदानाला जाताय? जुलैत नको, एप्रिलमध्ये जा

पुण्याच्या टेकड्यांवर श्रमदानासाठी बाहेरगावाहून जाणाऱ्यांना निकाल आधीच सांगून टाकते. पैसे भरून होणाऱ्या वृक्षारोपणाच्या शिबिराला जाऊ नका. उन्हाळ्यात जा, टेकडीवर रोज येणाऱ्या स्थानिकांच्या गटाबरोबर जा, आणि पाणी वाहायला जा. तब्येत धडधाकट आहे, पाठीवर ओझं घेऊन चढायची सवय आहे आणि पायात चांगले बूट आहेत, असं धरूनच लिहिते आहे. यातलं काही नसेल तर पायथ्याशीही पुष्कळ काम असतं, तिथे थांबा. वर येऊन दुसऱ्यांना तुम्हाला उतरवायला लावू नका.

आधी फसवणुकीबद्दल. गेल्या जुलैत आम्ही दोघी मैत्रिणी पुण्याजवळच्या एका टेकडीवर दोन दिवसांच्या 'निसर्ग-श्रमदान शिबिरा'ला गेलो. माणशी चोवीसशे रुपये. जाहिरातीत देशी झाडं होती, जैवविविधता होती, तज्ज्ञांचं मार्गदर्शन होतं. प्रत्यक्षात टेम्पोतून उतरले गुलमोहर, नीलमोहर आणि काशीद. गुलमोहर मादागास्करचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला, काशीद आग्नेय आशियातला. मोई नाही, सालई नाही, धावडा नाही, मेडशिंगी नाही. खड्डे आधीच खणलेले, पण वीतभर खोल आणि खाली नुसता मुरूम. रोपांची मुळं पिशवीत गोल गोल गुंडाळलेली. ती सोडवायची असतात हे कुणी सांगितलं नाही. पिशवी खालून जरा फाडली तरी चालेल, असं मात्र सांगितलं. चालत नाही. पिशवी पूर्ण काढायची, बाहेरची गुंडाळलेली मुळं मोकळी करायची किंवा कापायची, आणि काढलेली पिशवी खिशात घालून खाली आणायची.

याहून मोठी चूक जागेची होती. तो उतार मुळात गवताळ माळ. आम्ही खड्ड्यांत रोपं बसवत असताना टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती, म्हणजे जवळच अंडी किंवा पिल्लं होती. टिटवी, चंडोल, लावे, तित्तीर हे सगळे जमिनीवर घरटं करणारे पक्षी. त्यांना उघडा माळ लागतो. दख्खनच्या काळ्या पाषाणावर मातीचा थर इतका पातळ की कित्येक उतारांवर गवत आणि विरळ झुडपं हेच तिथलं खरं जंगल आहे. तिथे दाट झाडं लावणं म्हणजे एक अधिवास मोडून त्याजागी दुसरा उभा करण्याचा प्रयत्न, आणि तो दुसराही बहुधा जगत नाही. एप्रिलमध्ये मी मुद्दाम त्या उतारावर जाऊन आले. काड्या उभ्या होत्या, काड्यांना बांधलेल्या नावांच्या पट्ट्या होत्या, अर्धवट फाटलेल्या काळ्या पिशव्या उन्हात कडक झाल्या होत्या. हिरवं पान मला दिसलं नाही. चोवीसशे रुपये गेल्याचं दुःख आहेच, पण टिटवीच्या जागेत आमच्या हातून खड्डे भरून घेतले याचा राग अजून गेलेला नाही.

आता एप्रिलबद्दल. या वेळी वेताळ टेकडीवरच्या एका गटाबरोबर काम केलं. गटाला नाव नाही, शुल्क नाही. निवृत्त माणसं, दोन-तीन गृहिणी, कॉलेजची काही मुलं. शोधायचं कसं? सकाळी सहाच्या आधी टेकडीवर जा आणि हातात कॅन किंवा खुरपं दिसेल त्या माणसाला विचारा. लॉ कॉलेज रोडच्या बाजूने चढायचं असेल तर मेट्रोने नळ स्टॉपला उतरलं की झालं. पहाटे लवकर मात्र मेट्रो नसते, तेव्हा रिक्षा आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. माथ्यावर वेताळाचं देऊळ आहे, जवळच जुन्या दगडखाणीत पाणी साठतं आणि तिथे पक्षी बघायला गर्दी असते. तो भाग सोपा आणि सुंदर आहे. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय.

मी लिहिणार आहे ते कोथरूडच्या बाजूच्या उताराबद्दल. गटाने गेल्या दोन पावसाळ्यांत लावलेली रोपं या बाजूला आहेत, आणि पाण्याची टाकी पायथ्याशी. मधे जो चढ आहे तो अंतराने काहीच नाही. रिकाम्या हाताने गप्पा मारत चढाल. दोन हातांत पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन चढताना पहिल्या वळणानंतर घसारा सुरू होतो. सुटा मुरूम, त्यावर वाळलेलं गवत, आणि गवतावरून बूट सरकतो. हात अडकलेले असल्यामुळे धरायला काही नाही. तोल गेला की माणूस कॅन वाचवायला बघतो आणि गुडघ्यावर आपटतो. माझे दोन्ही गुडघे फुटले. मैत्रिणीचा अंगठा कॅनच्या कडीत अडकून सुजला. साडेआठनंतर त्या बाजूला सावली उरत नाही, नऊला खडक तापतो. रोज त्याच वळणाशी मला वाटायचं की आता बास. हे लिहितानाही पोटऱ्या दुखताहेत.

म्हणून या चढासाठी जे शिकले ते नीट वाचा. वीस लिटरचा जार खांद्यावर घेऊन जाण्याचा पराक्रम करू नका. पाच लिटरचेच कॅन घ्या, आणि शक्य असेल तर पाठीवरच्या सॅकमध्ये उभे बसवा, म्हणजे हात मोकळे राहतात. कॅनचं झाकण आट्यांचं हवं, दाबून बसणारं नको. चढताना घसाऱ्यावरून सरळ रेषेत न जाता पाऊल आडवं टाकत जा. खाली उतरताना धावू नका, मुलं धावतात आणि सुटे दगड मागच्यांच्या अंगावर घालतात. स्वतःच्या प्यायचं दोन लिटर पाणी वेगळं ठेवा आणि ते झाडाला घालू नका. हा मोह होतो. पहिल्याच दिवशी एक मुलगा असाच भोवळ येऊन बसला होता.

पाणी घालण्याचीही रीत आहे. गटातले एक काका मला म्हणाले, "ताई, आज दहा लिटर आणलंत ना? मग दोनच झाडांना घाला. दहांना घोट घोट घालून उपयोग नाही." वरवर शिंपडलेलं पाणी वरच्या इंचभर मातीत राहतं, मुळंही मग तिथेच रेंगाळतात आणि मे महिन्यात जळतात. पाणी खोल गेलं की मुळं खाली जातात. काही रोपांशेजारी त्यांनी मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरली आहेत. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरतं, वर झाकण ठेवलं की उडूनही जात नाही. आणि रोपाभोवती आच्छादन गवताचं नाही, दगडांचं. चपटे दगड बुंध्यापासून चार बोटं अंतर सोडून रचायचे. ओल टिकते, आणि वणवा आला तर दगड पेटत नाहीत.

वणवा आलाच. एका दुपारी आम्ही खालीच होतो, तेव्हा पलीकडच्या अंगाला धूर दिसला. टेकडीवरचे वणवे बहुतेक माणसाच्याच हातून लागतात, विडी-सिगारेटचं थोटूक किंवा मुद्दाम लावलेली काडी. गटाने हिवाळ्यात, गवताचं बी पडून गेल्यावर, उताराला आडवी जाळरेषा काढून ठेवली होती. जाळरेषा म्हणजे गवत कापून, झाडून, जमीन उघडी केलेला पट्टा, ज्याच्यापुढे आगीला खायला काही मिळत नाही. आग वाऱ्याबरोबर त्या पट्ट्यापर्यंत आली आणि थांबली. दोन ठिकाणी ठिणग्या पलीकडे उडाल्या, तिथे ओल्या फांद्यांनी झोडपून विझवल्या. वर रोपं उभी, मडकी उभी. एक मावशी राखेत बसून रडत होत्या आणि हसत होत्या. मी सांगते, त्या दिवसानंतर मला तो घसारा कितीही वेळा चढायला सांगा. ज्यांना हिवाळ्यात यायला जमेल त्यांनी फक्त जाळरेषेच्या कामासाठी या, याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. हिवाळ्यात कुसळी गवताची कुसळं मोज्यांतून आत शिरतात आणि पीळ उलगडत कातडीत घुसत राहतात (बी जमिनीत असंच स्वतःला पुरतं). लोकरी मोजे नकोत, आणि पायांभोवती गुळगुळीत कापडाच्या पट्ट्या बांधा. आग दिसली तर आधी १०१ किंवा वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. सुती कपडे घाला, वारा आग ज्या बाजूला ढकलतो त्या बाजूला उभे राहू नका, आणि ज्वाळा कमरेच्या वर असतील तर मागे व्हा. नायलॉनचा टी-शर्ट घालून आगीजवळ जाणाऱ्याला मी तरी हाताला धरून मागे ओढेन.

तण काढण्याचं काम चढापेक्षा सोपं, पण चुकीचं केलं तर फुकट. घाणेरी (लँटाना) भारतात १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली आणि आज डोंगर गिळते आहे. ती वरून कापली की दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी सांगितलेली रीत वापरा: कुदळीने जमिनीखाली तीन-चार बोटं जाऊन मुख्य मूळ तिथेच तोडायचं, मग झुडूप उपटून मुळं वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. काम पावसाळ्यात, फळं धरायच्या आत. आणि सगळी एका दमात काढू नका, तिच्या जाळीत पक्षी आणि ससे लपतात. पट्ट्यापट्ट्याने काढा आणि मोकळ्या जागेत देशी झुडपं येऊ द्या. गाजर गवताची भारतातली नोंद १९५६ साली पुण्यातूनच प्रसिद्ध झाली होती. ते फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. त्वचेला किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी या कामाला हात लावू नये.

ग्लिरिसिडिया दिसला की शहरातल्या नव्या स्वयंसेवकांचे हात शिवशिवतात. तळजाईच्या बाजूला तो भरपूर आहे, परदेशी आहे, त्याच्याखाली फारसं काही वाढत नाही, हे सगळं खरं. तरी कोयता चालवू नका. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, मग झाड परदेशी का असेना. वनविभागाच्या जमिनीवर तर परवानगीशिवाय खड्डासुद्धा खणायचा नाही. गटाकडे परवानगी आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. उत्तर टाळलं तर घरी जा.

पाणवठे बनवणाऱ्यांना एकच सांगणं. उभ्या भिंतींचा सिमेंटचा खड्डा करू नका. खार किंवा सरडा त्यात पडला की बाहेर येऊ शकत नाही. एक बाजू उतरती ठेवा, किंवा निदान आत दगडांची चढण रचा. आठवड्याला पाणी बदला, नाहीतर डास होतात. पायवाटेपासून लांब ठेवा, कारण वाटेवर भटकी कुत्री असतात आणि ती असली की लावे पाण्याला येत नाहीत.

पाषाण तलावाच्या काठावर एक सकाळ कचरा वेचण्यात गेली. चांगली गेली.

सोबत काय हवं ते तुम्हाला माहीत असेल. मी फक्त दोन गोष्टींवर अडून बसेन. घोटा झाकणारे बूट, आणि दगड उचलायला पहार. टेकडीवर घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत, विंचू तर प्रत्येक दुसऱ्या दगडाखाली. दगड आधी पहारीने उलटवायचा, मग हात लावायचा. साप चावला तर दोरी आवळून बांधायची नाही, चिरायचं नाही, हातपाय न हलवता मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. संध्याकाळी अंधार पडायच्या आत सगळ्यांनी एकत्र उतरायचं. एकट्याने मागे थांबू नका, टेकड्यांवर लुटालुटीचे प्रकार घडलेले आहेत.

झाड लावायची हौस असेलच तर गटाला विचारून एखादी मोईची किंवा पांगाऱ्याची जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवा. दोन्ही फांदीपासून रुजतात, पिशवी लागत नाही, पाणीही कमी लागतं. पण त्याआधी किमान एक उन्हाळा पाणी वाहा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माणसं सगळ्यात कमी असतात. शाळांच्या सुट्ट्या, लग्नं, आणि ऊन. मी त्याच आठवड्याची रजा टाकली आहे, आणि काकांना सांगून ठेवलंय की मला कोथरूडची बाजूच द्या.