‘क्रॉल’ घरी बघायचा असेल तर

वाशिष्ठी नदीतल्या मगरी आणि २०२१चा पूर ज्या चिपळूणकरांनी पाहिला, त्यांना २०१९चा ‘क्रॉल’ हा सिनेमा परका वाटणार नाही. फ्लोरिडातलं चक्रीवादळ, घराखालच्या बुटक्या पोकळीत अडकलेले बाप-लेक, चढत जाणारं पाणी. दिग्दर्शक अलेक्झांद्र आजाने ८७ मिनिटांत पाल्हाळ न लावता सगळं गच्च बसवलंय. प्राणी मात्र मगरीचा भाऊबंद, ॲलिगेटर. तोंड मिटलं की त्याचे खालचे दात वरच्या जबड्याआड लपतात. आपल्या मगरीचा खालचा चौथा दात मिटल्या तोंडातही बाहेर दिसतो.

डिस्क मागवताना ती कुठल्या विभागातल्या प्लेअरवर चालते, तो रीजन कोड बघा. ब्लू-रेसाठी अमेरिका ‘ए’ विभागात, आपण ‘सी’मध्ये. नुसती ‘ए’ची डिस्क इथल्या प्लेअरवर अडते.

बराच सिनेमा काळोखात घडतो, म्हणून टीव्ही भडक रंगांच्या ‘व्हिव्हिड’ मोडवर नको. ‘सिनेमा’ मोड लावा, मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा, खोलीतला दिवा मालवा. नाहीतर पाण्यातली पाठ दिसायच्या आधीच हल्ला होऊन जातो आणि सगळी भीती फुकट!

आपल्याकडच्या दमट हवेत डिस्कवर बुरशी धरते. मऊ कोरड्या फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. गोल ओरखडा वाचायला प्लेअरला जड जातो. डब्यात सिलिका जेलची पुडी असू द्या.