हक्कसोड पत्र, म्हणजे "ताई, फक्त एक सही हवीये"

वडील गेले की वर्षश्राद्धाच्या आसपास कुठल्यातरी भावाच्या तोंडून हे वाक्य निघतंच. ताई पण वडिलांच्या मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याच्या त्या कागदावर सही करते, कारण भाऊबीजेला जायचं असतं. मला त्यात सरसकट काही चुकीचं वाटत नाही, आमच्या आत्यानेही सोडला हक्क, राजीखुशीने, दीड एकराचे तुकडे करून कुणाच्या पदरात काय पडणार होतं. फक्त तिने आधी कागद पूर्ण वाचून घेतला, आणि हे शंभरात दोघीजणी करत असतील तरी खूप झालं.

त्या कागदात एक ठरलेली ओळ असते, "कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वखुशीने", आणि दडपण टाकणारा शेजारच्याच खुर्चीत बसलेला असतो. खरी गोम गट नंबरात, म्हणजे जमिनीच्या सरकारी क्रमांकात असते. सांगतात शेताचं, आणि खाली हळूच गावातलं घर आणि "इतर सर्व मिळकती" टाकलेलं असतं. आणि भाऊ दोन असतील तर कागद कोणाच्या नावे होतोय तेही बघा, एकाच्याच नावे केलात तर तुमचा हिस्सा त्या एकालाच जातो आणि दुसरा आयुष्यभर तुमच्यावर रुसून बसतो.

आणि नुसती स्टॅम्प पेपरवर नोटरी केली म्हणजे झालं असं नाही हां. जमीन-घराचं हक्कसोड दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे सरकारी रजिस्ट्री कचेरीत, रजिस्टरच व्हावं लागतं, तिथे फोटो, अंगठा, ओळख पटवणारे साक्षीदार सगळं होतं. वडिलोपार्जित मिळकत सख्ख्या भावाबहिणीला फुकट सोडत असाल तर महाराष्ट्रात मुद्रांक (स्टॅम्प ड्युटी) नाममात्र, आधी 200 रुपये होता, 2024 च्या ऑक्टोबरपासून 500. पैसे घेऊन सोडलात तर मात्र खरेदीखतासारखा मुद्रांक. आणि हे फक्त सहहिस्सेदारालाच करता येतं, भाच्याला द्यायचंय आणि त्याचं नावच नाही सातबाऱ्यावर, तर मग बक्षीसपत्र (भेट दिल्याचा कागद) करा.

"लग्न झालं, आता कसला हक्क" हे अजूनही ऐकू येतं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने वाटेकरी झाली, आणि 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. म्हणजे आहे म्हणूनच तर सोडून मागतायत ना!

एकदा रजिस्टर झालं की नुसतं मन बदललं म्हणून परत फिरवता येत नाही, फसवणूक किंवा जबरदस्ती कोर्टात सिद्ध करावी लागते आणि ते काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

अजून एक, आत्याच्या कागदात हक्क सोडणाऱ्यांत आजीचंही नाव टाइप करून आणलेलं, म्हणजे तिचाही हिस्सा गेला असता. आत्या म्हणाली आईचं नाव काढा, ती असेपर्यंत सातबाऱ्यावर राहूदे. वकील वैतागला, परत प्रिंट काढायला लागली, काका थोडा वेळ गप्प गप्प होते, पण काढलं.