डेमिओतली बाई

गाडीतलं मला काही कळत नाही. पुरुषमाणसाने हे उघड बोलायचं नसतं, म्हणून कुणी बॉनेट उघडलं की मी वर्षानुवर्षं गंभीर चेहऱ्याने ‘हं’ म्हणत आलो आहे. गावाकडे त्यावाचून काही अडलंही नाही. तिथे स्वतःला गाडीतलं कळावं लागत नाही, कळणारा माणूस ओळखीचा असला की भागतं. आटपाडीत आमचा एक मिस्त्री होता. जुनी गाडी दाखवायला नेली की तो ती चालू करायला सांगायचा, तोंडातली सुपारी थांबवायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, “घेऊ नका.” का, असं विचारलं तर म्हणायचा, “घेऊ नका म्हटलं की.” आमच्या घरातले गाड्यांचे सगळे व्यवहार या एका वाक्यावर झाले किंवा मोडले.

२०१७ च्या जूनमध्ये आम्ही ऑकलंडला आलो. दक्षिण गोलार्धातला जून, म्हणजे थंडी आणि तिरपा पाऊस. पहिले सहा-सात आठवडे बसने काढले. बस वाईट नव्हती, पण सँडरिंगहॅमच्या देशी दुकानातून दहा किलो तांदूळ, पाच किलो कणीक आणि एक उघडी छत्री घेऊन माउंट रॉस्किलपर्यंत बसने येऊन बघा. तिसऱ्या खेपेला पिशवी बसमध्येच फाटली. घरी आल्यावर बायको ओले मोजे काढत म्हणाली, “गाडी.” बाकीचं वाक्य तिने बोललंच नाही.

नवी गाडी घेण्याइतके पैसे नव्हते. जुनी घ्यायची, तर आटपाडीचा मिस्त्री बारा हजार किलोमीटरवर. इथे ओळखीचं असं कोण होतं? बसचा ड्रायव्हर. तो रोज ‘मॉर्निंग’ म्हणायचा. ऑफिसात लोक भले होते, पण ‘तुमच्या ओळखीचा कुणी मेकॅनिक आहे का?’ हा प्रश्न मी ज्या कळवळ्याने विचारला, तो कळवळा त्यांच्यापर्यंत पोचला नाही. ‘ऑनलाइन बघ’ म्हणाले.

बघितलं. आधी भाषाच निराळी. ‘वॉफ’ म्हणजे वॉरंट ऑफ फिटनेस, गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला. काचेवर त्याचं स्टिकर असतं. ‘रेगो’ म्हणजे रजिस्ट्रेशन, त्याचं लेबल वेगळं. ‘कॅमबेल्ट झालाय’, म्हणजे इंजिनातला पट्टा बदलून झालाय, असं कुणी अभिमानाने लिहिलं असेल तर ती आनंदाची बातमी समजायची. डिझेल पंपावर स्वस्त दिसलं तरी हुरळायचं नाही, कारण डिझेल गाडीला किलोमीटर मोजून रस्त्याचा कर वेगळा भरावा लागतो. आणि बऱ्याच जाहिरातींच्या शेवटी तंबी असायची : ‘नो टायर किकर्स’. म्हणजे नुसतं येऊन, टायरला लाथ मारून, चौकशा करून न घेता जाणाऱ्यांनी येऊ नये. वाचून मी जरा दुखावलोच. मला करता येण्यासारखी तेवढी एकच तपासणी होती.

तेव्हा एलर्स्लीच्या रेसकोर्सवर रविवारी सकाळी जुन्या गाड्यांचा बाजार भरायचा. मालकांनी आपापल्या गाड्या आणून ओळीने लावायच्या, काचेवर किमतीचा कागद चिकटवायचा आणि शेजारी कॉफी पीत उभं राहायचं. तिथे पाऊल टाकलं आणि मला एकदम खरसुंडीची जत्रा आठवली. माझे आबा खिलार बैल घ्यायला तिथे जायचे. लहानपणी एकदा मलाही घेऊन गेले होते. आबा आधी बैलाकडे बघायचेच नाहीत. लांबून चार चकरा मारायचे. मग अचानक जवळ जाऊन बैलाचं तोंड उघडून दात बघायचे. आदत, दुसा, चौसा, जुळलेला, सगळं वय दातांत. मालकाने काहीही सांगितलं तरी दात खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. (व्यापारी दातही घासून देतात, हे ते मला पुढे कधीतरी हळू आवाजात म्हणाले.) मग वशिंडावर थाप, शेपटीला पीळ, थोडं चालवून बघणं, आणि शेवटी दलालाच्या उपरण्याखाली हात घालून बोटांची दाबादाबी. भाव ओठांवर आणायचा नाही.

एलर्स्लीत उपरणं नव्हतं. भाव तर काचेवरच लिहिलेला. बाकी बाजार तोच. लांबून चकरा मारणारे होते, एकदम गुडघ्यावर बसून गाडीखाली बघणारे होते. मीही बसलो. गाडीखाली अंधार होता. मी ‘हं’ म्हणालो.

बाजारातल्या बहुतेक गाड्या जपानहून आलेल्या होत्या. जपानमध्ये नवी गाडी तीन वर्षांची झाली की पहिली मोठी सरकारी तपासणी आणि मग दर दोन वर्षांनी एक. ती महाग असते, म्हणून धडधाकट गाड्याही तिथले लोक लवकर काढून टाकतात. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे त्या इथे चटकन खपतात. पूर्वी असं नव्हतं, हे मला बाजारातल्या एका म्हाताऱ्याने गाडी न विकताच वीस मिनिटं सांगितलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत न्यूझीलंडमध्ये आयातीवर कडक बंधनं होती. नव्या गाडीसाठी लांबच लांब यादी. ज्याच्याकडे परदेशी चलन असेल त्याचा नंबर आधी. त्यामुळे थोडी वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त किमतीला जायची! तो हे एखादं अजब आश्चर्य सांगावं तसं सांगत होता आणि मी मान हलवत होतो. आमच्या अण्णांची चेतक अशीच आलेली. नंबर लावून वर्षं लोटली, आणि हातात आल्या दिवशी शेजारच्याने वर पैसे देऊन ती मागितली. अण्णांनी दिली नाही, हे ते अजून सांगतात. ती चालू करायला डावीकडे आडवी करावी लागायची, हे सांगत नाहीत.

इथे बंधनं उठली, जपानी जुन्या गाड्या बोटी भरभरून आल्या, आणि १९९८ साली देशातले गाडी जोडणीचे शेवटचे कारखानेही बंद झाले.

पहिली पसंत पडलेली गाडी चंदेरी, मोठी, झकास होती. विकणारा गोड बोलत होता. ‘शी’ल बी राइट’ हे त्याचं पालुपद, म्हणजे आपलं ‘चालतंय की’. टायर गुळगुळीत दिसतात म्हटलं, शी’ल बी राइट. आरशाला तडा? शी’ल बी राइट. वॉफ चार महिन्यांपूर्वीचा होता. इथे गाडी विकताना वॉफ एका महिन्याच्या आतला असावा लागतो; नसेल तर घेणाऱ्याने ‘आहे तशी घेतो’ असं लिहून द्यायचं. तो कागद त्याने तयारच ठेवला होता. माझं पेन बाहेर निघालं होतं. बायको म्हणाली, “अहो, थांबा. आटपाडीचा मिस्त्री काय म्हणाला असता?” मी डोळे मिटले. काही ऐकू आलं नाही, पण पेन खिशात ठेवलं. पुढे दीडशे डॉलर देऊन तिची तपासणी करून घेतली. अहवाल सहा पानी. मला त्यातलं फारसं कळलं नाही. लाल खुणा मात्र मोजता आल्या.

दुसरी गाडी होती माझदा डेमिओ. २००७ ची, फिकट हिरवी, कोवळ्या कैरीच्या रंगाची. मालकीण साठीच्या पुढची, शाळेतून निवृत्त झालेली बाई. तिने न विचारता गाडीच्या खोडी सांगायला सुरुवात केली. मागचा डावा दरवाजा थंडीत अडतो. बंपरवरचा ओरखडा तिच्या नातवाचा. इंजिनाला बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ती काळजी नको. डिकीत कुत्र्याचे केस निघतील, कुत्रा मागच्या वर्षी गेला. हे शेवटचं सांगताना ती गाडीकडे न बघता लांब पाहत होती. या गाडीच्या अहवालात एकच लाल खूण निघाली, त्या दरवाजाची.

गाडीवर कुणाचं कर्ज आहे का हे बघायला इथे सरकारी नोंदवही आहे, ऑनलाइन, दोन-चार डॉलरमध्ये कळतं. आधीच्या मालकाने कर्ज बुडवलं असेल तर सावकार गाडी आपल्या दारातून उचलून नेऊ शकतो. सातबाऱ्यावरचा बोजा बघितल्याशिवाय जमीन घेऊ नये, तसंच. बोजा कोरा निघाला. मग मालकी बदलायची. अण्णांना फोनवर सांगितलं होतं की उद्या नावावर करतोय, तर त्यांनी एकोणतीस नंबरचा फॉर्म, तीस नंबरचा फॉर्म, एजंट, दोन चकरा असा सगळा हिशेब काढून ठेवलेला. इथे बाईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला, तिने तिचं भरलं, मी माझं भरलं. चहा निवायच्या आत गाडी माझी झाली.

पैशाचं मात्र अडलं. दिवस रविवारचा. तिची बँक वेगळी, माझी वेगळी, आणि तेव्हा रविवारी एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पोचत नसत. मी पाठवले, फोनवर पावती दाखवली, आणि म्हणालो, “उद्या जमा झाले की संध्याकाळी गाडी न्यायला येतो.” बाई म्हणाली, “पुन्हा बसने येणार? या पावसात?” आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. दोन किल्ल्या. जास्तीचीसुद्धा.

मी किल्ल्या हातात घेऊन तसाच उभा. पाच हजार दोनशे डॉलरची गाडी, नाव आधीच माझं झालेलं, पैसे हवेत. ना टोकन, ना स्टॅम्पपेपर, ना ‘कुणाकडून आलात?’ माझं आडनावसुद्धा तिला धड म्हणता येत नव्हतं. सहा आठवडे मी ओळखीचा माणूस शोधत फिरत होतो, आणि ही बाई ओळखीवाचून गाडी देऊन मोकळी.

अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “चोरीची न्हाई ना?”

“नाही हो. कागद बघितले.”

“मग येडी असंल बिचारी.” आणि लगेच खरा प्रश्न, “ॲव्हरेज किती देती?”

“शंभर किलोमीटरला साडेसहा लिटर.”

“तसं नगं. लिटरला किती?”

भागाकार करून पंधरा सांगितलं. तेव्हा कुठे त्यांच्या लेखी गाडी घेतल्यासारखी झाली.

पूजेचा आग्रह आईचा. ऑगस्टात लिंबांची चंगळ असते. लोक आपल्या झाडाची जास्तीची लिंबं खोक्यात भरून फाटकाबाहेर ठेवतात, हवी त्याने न्यावीत. चार लिंबं तिथून उचलली. नारळ सामोआकडच्या माणसाच्या दुकानात मिळाला, पण बिनशेंडीचा. व्हिडिओ कॉलवर आईने तो उलटासुलटा करून बघायला लावला आणि ‘परदेशात चालतंय’ असा निवाडा दिला. चाकांखाली लिंबं ठेवून मी गाडी पुढे घेतली, फटाफट आवाज झाले. शेजारी कुंपणावरून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला अतिशय काळजीच्या सुरात विचारलं, की लिंबाने टायर चांगले राहतात का.

गाडीत आणखी कुणीतरी आहे, हे पहिल्याच सकाळी कळलं. किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डाखालून एक बाई बोलली. जपानीत, मृदू, अदबशीर, शेवटी ‘...सारेते इमासेन’ असं काहीतरी. आधीच्या मालकिणीने हिची खोड तेवढी सांगितली नव्हती. सवय झाली असेल. नकाशाही जपानचाच होता, त्यामुळे पडद्यावर कोऱ्या निळाईत आमचा बाण एकटाच सरकायचा. त्याच्या हिशेबाने आम्ही रोज समुद्रातून ऑफिसला जात होतो. रेडिओची तीच गत. त्या काळच्या जपानी गाड्यांचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झवर आणि इथे ८८ ते १०८ वर, म्हणजे दोघांचं जमायला जागा दोन मेगाहर्ट्झची. तेवढ्यात एकच स्टेशन नीट लागायचं, तेही शेतकी बाजारभावाचं. मला मेंढरांचे भाव ऐकायला आवडायचे. आटपाडीचा माणूस.

बाई काय म्हणते यावर घरात तर्क चालायचे. बायकोच्या मते ‘शुभ प्रभात, सावकाश जा’. माझ्या मते सीटबेल्ट. काही महिने आम्ही तिला ‘हो हो’ म्हणून निघायचो. मग ऑफिसात एक जपानी सहकारी आली, तिला मी फोनवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई रोज सांगत होती, ‘टोलचं कार्ड घातलेलं नाही.’ जपानच्या टोलरस्त्यांवर गाडीतल्या यंत्रात एक कार्ड घालावं लागतं, त्याची ती आठवण. इथे ऑकलंडच्या उत्तरेला टोलचा रस्ता आहे, पण तो नंबरप्लेटचा फोटो काढून पैसे घेतो. ते कार्ड या देशात घालायला कुठे मिळणार? एका गॅरेजवाल्याने यंत्राची वायर काढून देतो म्हटलं. नको म्हणालो. काढून टाकण्याइतकी ती परकी राहिली नव्हती.

२०२३ च्या डिसेंबरात अण्णा आणि आई आले. विमानतळावरून बाहेर पडलो, सामान डिकीत कोंबलं, अडणारा दरवाजा आईला आतून ढकलायला लावला. अण्णा पुढे बसले, हात डॅशबोर्डवर फिरवून ‘बरी हाय’ म्हणाले. किल्ली फिरवली. बाई बोलली.

आई मागून म्हणाली, “कोण गं बाई?”

मी सगळं सांगितलं. अण्णांनी लगेच ओळखलं, “म्हंजे फास्टॅग.” आई मात्र विचारात पडली. रस्ताभर काही बोलली नाही. माउंट रॉस्किलला पोचलो, सामान उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात जायला निघालो, किल्ली फिरवली, बाई पुन्हा तेच, तितक्याच अदबीने.

“सहा वर्षं झाली म्हणतोस,” आई म्हणाली, “रोज इतकी काकुळतीला येऊन सांगती. मग घाल की रे एकदा ते कार्ड!”