वसईच्या घंटा: वहीतली दुसरी खूण

रविवारी नसरापूर झालं. वसईच्या घंटा शोधायचा नाद लागून दीड वर्ष होत आलं आणि वहीत खुणा किती, तर दोन! नियम माझाच आहे: घंटेवरचं साल स्वतः वाचल्याशिवाय खूण करायची नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मग देवळादेवळांत पोचल्या. भीमाशंकर, मेणवली, नसरापूर, नाशिकचं नारोशंकर ही ठळक नावं. पण हल्ली कुठलीही मोठी घंटा दिसली की लोक ती अप्पांच्या नावावर खपवतात, म्हणून साल बघायचं.

पुण्याहून निघताना नवा बोगदा टाळला आणि कात्रजच्या जुन्या घाटाने गेलो. वेळ जास्त लागतो, पण लहानपणी एसटीतून जाताना या घाटातल्या जुन्या बोगद्यात शिरलं की आम्ही पोरं ओरडायचो, त्यामुळे वाट वाकडी करावीच लागते. (हेल्मेटमध्ये ओरडून बघितलं. मजा नाही.) चेलाडी फाट्याला चहा, तिथून आत नसरापूरचं बनेश्वर. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं, भोवती गर्द झाडी. कुंडातले मासे बघायला पोराटोरांची गर्दी असते, घंटेकडे कुणी ढुंकून बघत नाही. आपल्याला बरंच.

आता कामाची गोष्ट. टॉर्च समोरून मारला तर सगळं सपाट दिसतं. तो घंटेला जवळजवळ चिकटवून तिरपा धरायचा, म्हणजे सावल्या पडतात आणि उठाव वर येतो. आधी क्रूस दिसला. मग १, मग ६. पुढच्या दोन आकड्यांवर वर्षानुवर्षांचं तेलकट पुट, त्यामुळे आठ कुठला नि तीन कुठला ते कळेना. शेवटी बोटाने चाचपलं. शेवटच्या आकड्याची डावी बाजू उघडी लागली, म्हणजे तीन. १६८३! वसई पडली तेव्हाच ही घंटा छप्पन्न वर्षांची होती.

माझी ही खटपट बघत एक आजोबा शेजारी उभे होते. म्हणाले, "काय शोधताय एवढं?" साल म्हटल्यावर हसले. "अहो, वाजवून बघा की आधी!" वाजवली. आवाज रेंगाळत राहतो, पण आपल्याकडे ही घंटा लोळी हलवून वाजते. चर्चमध्ये अख्खी घंटा झुलवायची पद्धत होती, तिथला नाद वेगळाच असणार.

पहिली खूण मेणवलीची, गेल्या हिवाळ्यातली. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आणि तिथे दगडी घुमटीत घंटा. साल १७०७, वर बाळ येशूला घेतलेली मेरी. ती पंचधातूची असल्याचं तिथे ऐकलं. मला पटत नाही. युरोपातल्या घंटा साधारणपणे चार भाग तांबं नि एक भाग कथील अशा मिश्रणाच्या असत, आणि ही तिकडचीच.

नाशिकला मात्र फजिती झाली. नारोशंकराची घंटा इतकी प्रसिद्ध की बडबड्या माणसालाही लोक तेच नाव ठेवतात, आणि मी गेलो दुर्बीण न घेता! घंटा उंचावर, खालून काढलेला फोटो हललेला. तिच्यावर १७२१ आहे हे वाचून माहीत आहे, पण वाचलेलं नियमात बसत नाही. चौकट रिकामी.

परतताना हायवेवर रसवंती दिसली. नाव अर्थातच नवनाथ. हे रसवंतीवाले मूळचे बरेचसे पुरंदरकडचे, म्हणून राज्यभर नवनाथ नाहीतर कानिफनाथ. चरकाला अजून घुंगरू बांधलेले होते. बैल जाऊन मोटर आली तरी मालकाने ते काढलेले नाहीत. विचारलं तर म्हणाला, "आवाज आला नाही तर गिऱ्हाईक थांबत नाही." आलं-लिंबू घालून दोन ग्लास घेतले.

पाऊस संपला की भीमाशंकर. तिथल्या घंटेचं साल दोन ठिकाणी दोन वेगळं वाचलंय, तेव्हा या वेळी टॉर्च, दुर्बीण आणि पुसायला मऊ फडकं, तिन्ही सोबत. कुणी येणार असेल तर सांगा, गाडीवर एक जागा आहे.