मनीची खाज आणि एक साधी फणी

गेल्या पावसाळ्यात आमच्या मनी मांजरीच्या शेपटीच्या मुळाशी हाताला मोहरीएवढ्या खपल्या लागू लागल्या आणि पोटावरचे केस तिने चाटून चाटून जवळजवळ नाहीसे केले. आज तिची कातडी बरी आहे. तरीही ज्या दवाखान्यात आमचे साडेतीन महिने गेले, तिथल्या बाकड्याची आठवण झाली की मला अजून संताप येतो.

तिथे दर वेळी दीड-दोन तास थांबावे लागे. भुंकणाऱ्या कुत्र्यांशेजारी मनी पिंजऱ्यात अंग चोरून बसे (पिंजऱ्यावर टॉवेल टाकला की तिला बरे वाटे, हे मला उशिरा सुचले) आणि नंबर लागला की पाच मिनिटांत 'ॲलर्जी आहे' असे सांगून स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाई. तीन आठवडे खाज थांबे आणि पुन्हा सुरू होई. असे चार वेळा झाले. ॲलर्जी कशाची, असे विचारले की 'खाणे बदलून बघा' एवढेच उत्तर मिळे. खाण्याची ॲलर्जी तपासायची तर मांजराने पूर्वी न खाल्लेले एकाच प्रकारचे मांस, दुसरे काहीही तोंडात न जाऊ देता, किमान आठ आठवडे द्यावे लागते, हे कोणी सांगितले नाही. आम्ही दर पंधरवड्याला नुसती पाकिटे बदलत राहिलो. पिसवांबद्दल विचारले, तेव्हा 'दिसत तर नाहीत' एवढ्यावर तो विषय संपला. वास्तविक मांजर चाटताना पिसवा गिळून टाकते, आणि पिसूच्या लाळेची ॲलर्जी असलेले मांजर अधिकच चाटत असल्यामुळे नेमक्या त्याच्याच अंगावर त्या अनेकदा सापडत नाहीत. खाजेला मात्र मोजके चावे पुरतात. चार भेटींत एकदाही तिच्या अंगावरून कोणी फणी फिरवली नाही. वारंवार दिलेल्या स्टेरॉइडमुळे मांजराला मधुमेह होऊ शकतो, हेही मला नंतरच कळले.

शेवटी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गजकर्ण नसल्याची खात्री करून घेतली, उवांच्या फणीसारखी बारीक दातांची फणी मनीच्या कमरेवरून फिरवली आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवले. थोड्याच वेळात त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला, कारण ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होते. तो डाग पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले. ही तपासणी घरीही करता येते आणि ती सर्वांत आधी करावी.

औषधाचे थेंब महिन्यातून एकदा, वजनाप्रमाणे, मानेवर जीभ पोहोचत नाही अशा जागी घालायचे होते. घरातला बोका खाजवत नव्हता, तरी त्यालाही ते द्यावे लागले. थेंब मांजरांसाठीचेच आहेत ना, हे कृपया नीट वाचावे. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि त्याने मांजराला झटके येऊन ते दगावू शकते.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा एक पिसू दिसली, तेव्हा मी पार खचले होते. कोषातल्या पिसवांवर औषध चालत नाही आणि त्या कित्येक आठवड्यांनीही बाहेर येतात, म्हणून किमान तीन महिने खंड पडू द्यायचा नाही, हे डॉक्टरांनी समजावले. मनीच्या अंथरुणाच्या चादरी मी दर आठवड्याला गरम पाण्यात धुतल्या आणि सोफ्याखालची, गादीच्या शिवणींतली धूळ व्हॅक्यूमने काढली, कारण पिसवांची अंडी अंगावरून गळून तिथेच साचतात.

दिवाळीनंतर तिच्या पोटावर पांढरी लव दिसू लागली. दर रविवारी मी अजूनही फणी फिरवते आणि कापूस भिजवून पाहते. तो पांढराच राहतो.