क्लाडाच्या एका जुन्या फोटोची तारीख शोधताना

आयर्लंडमधल्या गॉलवेत राहायला येऊन मला सहा वर्षं झाली, इथल्या क्लाडा नावाच्या भागातून रोज चालत कामाला जाते, पण तिथे आधी काय होतं ते कळलं शेजारच्या आजींच्या एका पोस्टकार्डामुळे. गवताने शाकारलेली बुटकी पांढरी घरं, दारात शाल पांघरलेली बाई, शेजारी दोन अनवाणी पोरं. आजींची आई याच कोळीवस्तीत जन्मली. त्या म्हणाल्या, फोटो कधीचा तेवढं बघून देशील का गं. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम, लागले तीन आठवडे.

आधी मागची बाजू बघितली. ब्रिटनच्या राजाचं, सातव्या एडवर्डचं, हिरवं अर्ध्या पेनीचं तिकीट, म्हणजे १९०२ किंवा नंतरचं. मजकूर आणि पत्त्याच्या मधे उभी रेघ, ती पद्धतही १९०२ लाच सुरू झालेली. शिक्का फासलेला, वर्ष वाचता येईना. मी आजींना सांगूनही टाकलं की १९०५ च्या आसपासचा, आणि इथेच चुकले, कारण फोटोची काच, म्हणजे तेव्हाचं काचेवरचं निगेटिव्ह, जुनी असली तरी तिच्यावरून कार्डं पुढे कितीतरी वर्षं छापली जायची.

कोपऱ्यात बारीक अक्षरात एक नंबर आणि पुढे डब्ल्यू. एल. म्हणजे विल्यम लॉरेन्स, डब्लिनचा फोटोवाला. पण कॅमेरा घेऊन गावोगाव फिरायचा तो त्याच्याकडे कामाला असलेला रॉबर्ट फ्रेंच, आधी पोलिसात होता. १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावात लॉरेन्सचं दुकान जळालं, पोर्ट्रेटच्या काचा गेल्या, गावांच्या काचा दुसरीकडे ठेवलेल्या म्हणून वाचल्या. त्या साधारण ४०,००० काचा १९४३ मधे आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने घेतल्या. नाहीतर आजींच्या आईची वस्ती आज कुणाला दिसली असती?

लायब्ररीच्या ऑनलाइन कॅटलॉगमधे नंबर टाकून काही मिळालं नाही, मग नुसतं क्लाडा टाकून एकेक फोटो कार्डाशी ताडत बसले, आणि तिसऱ्या रात्री तीच बाई, तेच दार. केवढा आनंद झाला! आणि खाली तारीख? १८६५ ते १९१४ च्या दरम्यान.

मग झूम केलं. काचेवरचं इतकं बारीक दिसतं की भिंतीवरचे चुन्याचे पोपडे आणि छपरावरून घट्ट ओढून बांधलेल्या दोऱ्यासुद्धा मोजता येतात. आणि घरांच्या मागे, कार्डावर नुसता राखाडी डाग वाटत होता ते, डॉमिनिकन चर्च! ते १८९१ चं. म्हणजे फोटो त्याच्या आधीचा नाही, आणि कार्ड पोस्टात पडलं त्याच्या नंतरचा तर नाहीच.

१९०१ ची जनगणना ऑनलाइन फुकट बघता येते, त्यात घराचा वेगळा फॉर्म असतो, भिंत दगडाची तर १, छप्पर गवताचं तर ०, शिवाय पुढच्या खिडक्या किती. आजींच्या आजोबांचं घर सापडलं, छप्पर ०, खिडक्या २. फोटोत दोन खिडक्यांची घरं तीन.

रविवारी आजींना घेऊन तिथे गेले. जुनी घरं १९३० च्या दशकात पाडली, आता कौन्सिलच्या घरांच्या रांगा आहेत, खुणेला फक्त चर्च. मोबाईलवरचा फोटो आणि समोरचं चर्च जुळेपर्यंत मी मागेपुढे सरकत राहिले, जुळलं तिथे आजींना उभं केलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारलं, तीनपैकी मधलं असेल का गं?

मोठी प्रिंट मागवली आहे, तिन्ही दारं त्यांना चष्म्याशिवाय दिसतील एवढी.