मधला रकाना

रोमानियातल्या याश शहरात येऊन चारच दिवस झाले होते. रोमानियनच्या तासाला बाईंनी सगळ्यांना एक कागद वाटला. हवामानाचे साठेक शब्द, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रोमानियन, आणि पुढच्या आठवड्यात चाचणी. मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. आज हवा कशी आहे, उद्या कशी असेल, हे आमच्या घरी चहाच्या आधी बोललं जातं. मला वाटलं, सगळ्या पुस्तकात सोपा धडा हाच.

आमचं वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून चालतं. पण तिसऱ्या वर्षी वॉर्डात पाऊल ठेवलं की समोरचा रुग्ण रोमानियनच बोलणार. म्हणून पहिली दोन वर्षं भाषेचे तास आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी लेखी-तोंडी परीक्षा. ती सुटली नाही तर वॉर्ड नाही. त्यामुळे मी तो कागद शाळेत पाढे पाठ करायचे तसा पाठ केला. स्लीट म्हणजे लापोवित्स, राइम म्हणजे कीचुर, थॉ म्हणजे मोइन. साठपैकी सत्तावन्न बरोबर आले.

नोव्हेंबरच्या अखेरीला एका सकाळी बाईंनी खिडकीकडे बोट दाखवून मला विचारलं, "बाहेर काय पडतंय?" काचेवर थेंब होते आणि त्या थेंबांत काहीतरी पांढरं, विरघळत घसरणारं. मी म्हटलं, "प्लोव", पाऊस पडतोय. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, "लापोवित्स." हा शब्द चाचणीत मी बिनचूक लिहिला होता. तोच समोर पडत होता आणि मी त्याला ओळखलं नाही.

त्या दिवशी घरी येईपर्यंत मी एकच विचार करत होते. लापोवित्स मला येत नव्हता, कारण स्लीटसुद्धा मला येत नव्हता. पाऊस आणि बर्फ एकत्र पडताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. इंग्रजी शाळेत शिकले, पण राइम, स्लीट हे शब्द माझ्यासाठी फक्त अक्षरं होती. एका अनोळखी शब्दाला मी दुसरा अनोळखी शब्द बांधत होते आणि त्याला पाठांतर म्हणत होते. रात्री पट्टी घेतली, इंग्रजीचा रकाना पेन्सिलीने उभा खोडला आणि दोन्हींच्या मध्ये तिसरा रकाना आखला, मराठीचा.

पुढचे दोन-तीन तास मी इतकी रमले की जेवण राहिलं. इंग्रजीच्या ड्रिझलपुढे दिलेला 'बूर्नित्स' म्हणजे आमची भुरभुर. 'आवेर्स' म्हणजे सर, आली आणि गेली. मग 'प्ल्वाये मोकनेआस्क' आला. तो कागदावर नव्हता, घरमालकीणबाईंच्या तोंडी ऐकलेला. मोकान म्हणजे डोंगरातले मेंढपाळ. त्यांच्या नावाचा हा पाऊस बारीक असतो, दाट असतो आणि दिवसभर थांबत नाही. इंग्रजीत मी त्याला दोन ओळींत समजावलं असतं. मराठीत दोनच शब्द लिहिले: भीज पाऊस. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही याहून जास्त सांगावं लागत नाही.

उन्हाळ्याचे शब्दही असेच जागच्या जागी बसले. 'झपुशाल' म्हणजे उकाडा, हवा हलत नाही आणि अंगाला कपडा चिकटतो तो. 'आर्शित्स' म्हणजे रणरणतं ऊन. इंग्रजी कागद दोन्हींना नुसतं हीट म्हणत होता. जुन्या रोमानियनमध्ये जुलैचं नावच कुप्तोर आहे, म्हणजे भट्टी. जानेवारी म्हणजे जेरार, 'जेर' या कडाक्याच्या थंडीवरून, आणि नोव्हेंबर म्हणजे ब्रूमार, 'ब्रूम' या गोठलेल्या दवावरून. ही नावं आता रोजच्या बोलण्यात नाहीत, पण लक्षात ठेवायला त्यांच्यासारखा आधार नाही. ज्या देशात २५ जानेवारी १९४२ ला ब्राशोवजवळच्या बोदला उणे ३८.५ अंश आणि १० ऑगस्ट १९५१ ला बरगान मैदानात ४४.५ अंश नोंदले गेले, तिथे महिन्यांना थंडीची आणि भट्टीची नावं पडणारच.

उच्चारात मराठीने फार मोठी मदत केली. रोमानियनमधलं टोपी घातलेलं 'a' (ă) हे अक्षर म्हणजे आपला अगदी साधा 'अ'. फरक एवढाच की शब्दाच्या शेवटी आपण तो गिळतो आणि ते म्हणतात. 'मित्र' म्हणताना शेवटी जो अ ऐकू येतो, तसा. 'ब्रूम', 'झपाद' म्हणजे बर्फ, 'च्यात्स', हे सगळे तसेच म्हणायचे. आणि च्यात्स, म्हणजे धुकं, हा शब्द तर मराठी माणसासाठीच घडवल्यासारखा आहे: पहिला च 'चहा'तला, दुसरा 'चाका'तला. वर्गातल्या इतर देशांच्या मुलांना या दोन आवाजांसाठी झगडताना पाहिलं, तेव्हा आपल्या भाषेत हे दोन्ही 'च' आहेत याचं मला पहिल्यांदा भान आलं.

व्याकरणाचा धडा मात्र घरमालकीणबाईंनी दिला. त्या सत्तरीच्या, त्यांना मी 'तान्ती' म्हणते, म्हणजे मावशी. डिसेंबरात एका संध्याकाळी कुडकुडत घरात शिरले आणि इंग्रजीतला 'आय ॲम कोल्ड' उचलून म्हटलं, "सुन्त रेचे." त्यांनी काळजीने माझे हात हातात घेतले. त्याचा अर्थ होत होता की मीच गार आहे, गार वस्तूसारखी किंवा कोरड्या मनाची. त्यांनी हळूच दुरुस्त केलं: "म्ये फ्रिग." शब्दशः, मला थंडी आहे. मला थंडी वाजते! मला भूक लागली, मला झोप येते, हे सगळं रोमानियन माणूस आपल्यासारखंच बोलतो. थंडी माझ्याकडे येते, मी थंडी होत नाही. 'फ्रिग'ची ओळख तर आपल्या फ्रिजपासूनच आहे, दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आले.

तिथून मला धागा सापडला. इंग्रजीत 'इट इज रेनिंग' म्हणताना ते 'इट' कोण, हे शाळेत मला कुणी सांगितलं नव्हतं. रोमानियनमध्ये ते लागतच नाही. 'प्लोव', 'नीन्जे', 'तून', एकेक क्रियापद आणि वाक्य पूर्ण. बर्फ पडतो एवढं सांगायला 'नीन्जे' पुरतं. मराठी व्याकरणात आपण भावकर्तरी प्रयोग शिकतो, 'आज सारखं गडगडतं', त्यात कर्ता शोधायचा नसतो. 'तून' म्हणजे नेमकं ते: गडगडतं. 'से इन्सेरेआझ' म्हणजे सांजावतंय. 'से लुमिनेआझ' म्हणजे उजाडतंय. दहावीत गुणांसाठी घोकलेला प्रयोग मला उत्तर-पूर्व रोमानियात असा जिवंत भेटेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. वीज चमकली तर 'फुल्जेर', वीज कुणावर पडली तर 'त्रस्नेत', हा भेदही आपल्या मनात आधीपासून असतोच.

पण मराठीच्या रकान्यात काही जागा रिकाम्याच राहिल्या, आणि त्या कुठल्याही कोशाने भरल्या नसत्या. त्यांच्यासाठी हिवाळ्याचीच वाट पाहावी लागली.

ब्रूमला शब्द होता. निफाडला थंडी उतरते तेव्हा पहाटे पानांवर दव गोठतं. माझी आजी त्याला दहिवर म्हणायची. त्या रात्री वडील आणि गडीमाणसं बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून धूर करतात, घड वाचवायला. त्यामुळे ऑक्टोबरात तान्ती म्हणाल्या, "आ दात ब्रूम," तेव्हा मला नुसता अर्थ कळला नाही, काळजीही कळली; त्यांच्या गावाकडच्या टोमॅटोंचं त्या दिवशी संपलं होतं. कीचुर हे त्याच्या पुढचं. धुक्यातले थेंब फांदीवर गोठत जातात आणि झाडाला पांढरी लव फुटते. कोपोउ बागेतली लिंडेनची झाडं एका सकाळी तशी दिसली आणि मी तासाला उशिरा पोचले.

पोलेय मला पायांनी शिकवला. रात्री पाऊस पडून तो जमिनीवरच काचेसारखा गोठतो. फरसबंदी ओली दिसते, बर्फ दिसतच नाही. मी जिन्याच्या पायरीवर पाऊल टाकलं आणि कठड्याला लोंबकळले. तान्ती खिडकीतून ओरडत होत्या, "पोलेय! पोलेय!" आणि मग मिठाचा डबा घेऊन खाली आल्या. तेव्हापासून हा शब्द मला मणक्यात ठाऊक आहे.

विस्कोल आणि क्रीवत्स हे जोडीने आले. क्रीवत्स म्हणजे ईशान्येकडून येणारा वारा. प्रूत नदीपलीकडच्या सपाटीवरून तो सुटतो तेव्हा मध्ये अडवायला काही नसतं. रोमानियनमध्ये वारा 'बाते', म्हणजे मारतो. क्रीवत्सला दुसरं क्रियापद शोभलंही नसतं. बर्फ आणि हा वारा एकत्र आले की विस्कोल. फोनवर रो-अलर्टचा, म्हणजे सरकारी धोक्याच्या इशाऱ्याचा, कर्कश भोंगा वाजला आणि पडद्यावर 'कोद पोर्तोकालिउ', नारिंगी इशारा, असं उमटलं. पिवळा, नारिंगी, लाल, आपल्या हवामान खात्याच्या इशाऱ्यांचेच रंग, त्यामुळे तेवढं लगेच समजलं. त्या रात्री तान्तींनी फेब्रुवारी १९५४ च्या विस्कोलबद्दल सांगितलं. त्यांच्या आईचं माहेर बरगानात. बर्फाचे ढीग घरांच्या छपरांपर्यंत चढले होते आणि माणसं बोगदे खणून गोठ्यातल्या गुरांपर्यंत जात होती. त्या बर्फाला 'ओमत' म्हणत होत्या. पुस्तकात झपाद असतं, पण याशकडची जुनी माणसं ओमत म्हणतात. मी वहीत दोन्ही लिहिले आणि ओमतच्या बाजूला 'तान्तींचा' असंही लिहिलं.

मार्च उजाडला तसा त्यांनी माझ्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला, मर्त्सिशोर. मग विचारलं, तुझी बाबा कुठली? इथे बाबा म्हणजे म्हातारी. बाबा दोकिया नावाची म्हातारी अंगावर थरांवर थर मेंढीच्या कातड्याचे कोट घालून मेंढरं घेऊन डोंगर चढते, रोज एकेक कोट टाकते, आणि सगळे टाकून झाले की थंडी परत येते आणि ती मेंढरांसकट गोठून दगड होते. १ ते ९ मार्चमधला एक दिवस आपण निवडायचा. त्या दिवशी जशी हवा, तसं वर्ष. मी त्यांना आपलं 'होळी जळाली, थंडी पळाली' सांगितलं. त्यांनी मान हलवली, "इतक्या लवकर नाही पळत." मी सात तारीख घेतली. त्या दिवशी आभाळ स्वच्छ, ऊन लख्ख, आणि बाहेर पडले तर गाल झोंबत होते. "स्वारे कु दिन्त्स," तान्ती म्हणाल्या. दात असलेलं ऊन.

तोंडी परीक्षेत मला एक छायाचित्र मिळालं: निळं आभाळ, उन्हात चमकणारा रस्ता, गळ्यापर्यंत गुंडाळलेली माणसं. मी तेच तीन शब्द म्हटले. परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, हे कुठे शिकलात? त्यानंतरची दहा मिनिटं आम्ही द्राक्षांवर बोललो. त्यांच्या माहेरी कोत्नारला द्राक्षमळे होते. गारांनी मळा 'बातुत' म्हणजे झोडपला जातो, अगदी आपल्या बातम्यांत गारपीट बागांना झोडपते तसा. ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडणारे गारविरोधी रॉकेट इकडे उडवतात, हे त्यांनी सांगितलं. गारांसाठी शब्द 'ग्रीन्दिन', तो मी आधीच वहीत लाल शाईने लिहिला होता. आमच्या घरात त्या शब्दाला दुसरी शाई चालत नाही.

परीक्षा सुटली. वॉर्डातला पहिला हिवाळा आला आणि मनगट मोडलेल्या एक आजी समोर बसल्या. "सरुमिना," मी नमस्कार केला. त्या म्हणाल्या, पोलेयवर घसरले. मी विचारलं, रात्री पाऊस पडला होता का, जिन्यावर की रस्त्यावर, हात टेकला होता का. पुढचं त्या आपणहून सांगू लागल्या. दुसरे एक आजोबा म्हणाले, "मा त्रास कुरेन्तुल." कुरेन्त विजेलाही म्हणतात, पहिल्या वर्षी मी घाबरून भाजलेल्या खुणा शोधल्या असत्या. पण हा कुरेन्त म्हणजे दार-खिडकीतून येणारा वाऱ्याचा झोत. मान धरली, कान दुखला, पाठ आखडली, सगळ्याचं कारण इथे तोच. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून कान बांधणाऱ्या घरातून मी आले आहे, मला त्यांचं म्हणणं चटकन समजलं. खिडकीजवळची त्यांची खाट आधी हलवून घेतली, मग मान तपासली.

मोइनपुढे मात्र बराच काळ काही लिहिलं नव्हतं. ऐन हिवाळ्यात मध्येच थंडी ढिली पडते, बर्फ पाघळतो, जमीन मऊ, ओली, पाय रुतणारी होते, ते मोइन. गेल्या आठवड्यात फोनवर वडिलांना हे सगळं सांगून विचारलं, आपल्याकडे याला काय म्हणाल? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाफसा नाही म्हणता यायचा. वाफशाच्या आधीची जमीन म्हण." मी तसंच लिहून ठेवलं आहे, पेन्सिलीने, पुढे प्रश्नचिन्ह टाकून.